खबर देणारीचा अंगठा

नगरपालिकेतल्या बाईंनी जुनं रजिस्टर माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि त्यातून वास आला. ओल्या गोणपाटाचा, खळीचा आणि सगळ्याच्या खाली शाईचा. तो शाईचा वास मी लगेच ओळखला. माझ्या आईच्या अंगठ्याला तो असायचा. ती भाकर थापायची तेव्हा भाकरीच्या कडेला निळसर डाग उमटायचा. आम्ही भाकर तशीच खायचो.

मी चौथी शिकलेली बाई आहे. मला लांबण लावता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. सुमन नावाची एक बाई दोन महिन्यांपूर्वी या मलकापुरात वारली. ती माझ्या पोटची होती. लोकांच्या लेखी ती माझ्या नणंदेची मुलगी आणि मी तिची मामी. तीही मला मामीच म्हणायची. जन्मल्यावर बाराव्या दिवशी तिला नणंदेच्या ओटीत घातलं. कोणी ठरवलं, मी नाही का म्हटलं नाही, ते आता उगाळत बसत नाही. त्या काळी घालायचे.

मला एवढंच पाहायचं होतं की नगरपालिकेच्या वहीत सुमनच्या नोंदीत आईच्या रकान्यात कोणाचं नाव आहे. माझी आई मरायला टेकली होती तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, "त्या वहीत तुहं नाव हाये वं. म्या सोता सांगतलं." त्या एका वाक्यावर मी चाळीस वर्षं काढली. नणंद जिवंत होती, सुमन जिवंत होती, तोवर जाऊन पाहिलं नाही. पाहून काय करायचं होतं? आता दोघीही नाहीत. आता कोणाचं काही बिघडत नाही.

"आजी, साल सांगा," बाई म्हणाल्या. चाळिशीच्या असतील. समोर संगणक, बाजूला पाण्याची बाटली.

"साल नाई मालूम. पोळा होऊन गेलता. कपाशीले बोंडं धरली होती."

"बापा! आता ह्या मशीनमधी पोळा कुठं टाकू मी?"

"मशीनमधी कायले टाकतं? वही काढ. मी पाह्यतो."

"वाचता येते तुमाले?"

"चौथी पास हाये मी."

त्या हसल्या. मग मी पिशवीतून मतदार यादीचं पान काढलं, ही माझी भाची म्हणून त्यातलं सुमनचं वय दाखवलं, आणि आम्ही दोघींनी बोटांवर साल मागं मागं नेलं. बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. रजिस्टर घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या साडीला पांढरी धूळ लागली होती.

माझी आई दाई होती. चंद्रभागा दाई म्हटलं की लोहारपुऱ्यापासून स्टेशनापर्यंत कोणीही घर दाखवायचं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण तिच्या हातून जन्मलेल्या लेकरांची खबर नगरपालिकेत तीच द्यायची. आठ दिवसांत कुठं काय झालं ते लक्षात ठेवायला ती पदराच्या टोकाला गाठी मारायची. मुलगा झाला तर गाठीत ज्वारीचा दाणा. मुलगी झाली तर सरकी. लेकरू मेलेलं जन्मलं तर गाठ रिकामी. बाजाराच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून ती निघायची. कारकुनासमोर उभी राहून एकेक गाठ सोडायची, दाणा तळहातावर घ्यायची आणि घर सांगायची. कारकून लिहायचा. मग ती अंगठा द्यायची. एकही गाठ कधी चुकली नाही, असं तो कारकूनच सांगायचा.

घरी आली की ती सगळे दाणे बकरीपुढे धरायची. बकरीला तो दिवस माहीत झाला होता. ती दारातच उभी असायची आणि आई दिसली की मान लांब करायची.

त्या काळी सरकीला तोटा नव्हता. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागायच्या, एकामागं एक, बैलांच्या तोंडाला फेस. जिनिंगचा भोंगा झाला की शहर जेवायचं, भोंगा झाला की शहर झोपायचं. रुई हवेत उडायची. वाळत घातलेल्या लुगड्यावर, पाण्याच्या माठावर, शेणाच्या गोवऱ्यांवर पांढरी लव बसायची. शाळेत पाटी पुसली तरी बोटाला कापूस लागायचा. आता तो भोंगा नाही. ती बकऱ्यांची, सरकीच्या तेलाची, ओल्या गाठोड्यांची घाण नाही. घाणच होती, पण आता नाकाला तीही सापडत नाही.

मला शाळेत घातलं ते आईच्या हट्टानं. बाप नव्हता. गल्लीतल्या बाया तिला हसायच्या. "चंद्रभागा, पोट्टीले काय तहसीलदार करतं काय वं?" आई म्हणायची, "तहसीलदार कायले? तिच्या आंगठ्याले शाई लागू नाई, एवढंच." चौथीपर्यंत शिकले. मग लग्न झालं, पिंपळगाव राजाला गेले. तिथं शेतीच्या घरात मला कोणी सही मागितली नाही. पण जिथं मागितली तिथं मी सहीच केली. ग्रामपंचायतीतला शिपाई शाईची डबी पुढं करायचा, मी ती मागं सारायची. ही एवढी एक ऐट माझ्या आयुष्यात होती.

सुमनच्या वेळी माहेरी आले. ती तिसरी. आधीच्या दोघी पिंपळगावलाच होत्या. दुपार होती. दोन नंबरचा भोंगा झाला आणि ती रडली. आईनं नाळ कापली, तिला कोमट पाण्यात धुतलं आणि कोपऱ्यात बसलेल्या माझ्या नणंदेकडे दिलं. माझ्याकडे नंतर दिलं, पाजायला.

माझी नणंद गोदाबाई मलकापुरातच राहायची, आमच्या तीन गल्ल्या पलीकडे. महिनाभर आधीच ती आमच्या घरी येऊन राहिली होती. आता ती बाजेवर बसली. ज्या बाजेवर मी असायला हवी होती त्या बाजेवर. डोक्याला फडकं बांधलेलं, कानात कापसाचे बोळे, बाजेखाली शेगडी. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. डिंकाचे लाडू तिनंच खाल्ले. भर भादव्यात घामानं तिची चोळी पाठीला चिकटायची, तरी ती उठत नव्हती. लेकरू आपलं व्हायचं असेल तर बाळंतपणाचा शेक आपल्या अंगाला लागला पाहिजे, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. बारा दिवस ती भाजून निघाली. मला तिचा राग यायला हवा होता. पण तिच्याकडे पाहिलं की राग यायचा नाही. पाठीवर घामोळ्या आल्या होत्या तिच्या.

मी पडद्याआड, चुलीपाशी. गल्लीतल्या बाया बाळ पाहायला यायच्या. "गोदे, पोट्टी तुह्यावरच गेली बरं." "हाव ना, नाक पाह्य." लेकरू रडलं की आई म्हणायची, "आण इकडं, तिले वारा दाखवतो," आणि पडद्याआड माझ्या हातात द्यायची. मी पाजायची. गल्लीला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. गल्लीला सगळं कळतं. गल्ली फक्त विचारत नाही.

आणि माझं काय झालं म्हणून सांगायचं? पिंपळगावात सांगायला ठरलेलंच होतं की लेकरू पोटातच गेलं. दोन बाया भेटायला आल्या, माझ्याजवळ बसून रडल्याही. माझी चोळी दुधानं ओली होती. मी पदर घट्ट धरून बसले.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला सटवाई पुजतात. पाट्याजवळ कोरा कागद आणि बोरू ठेवतात, रात्री ती येऊन लेकराच्या नशिबात काय ते लिहिते म्हणून. आई कोणत्याही घरी हे विसरली नाही. आमच्या घरी तिनं हळद-कुंकू वाहिलं, दिवा लावला, कागद ठेवला नाही.

मी विचारलं, "कागद?"

"राहू दे. थे पुसन, पोट्टीची माय कोन? काय सांगू मी तिले?"

देवीला सांगता येईना, कारकुनाला मात्र सांगायचं होतं. बाजाराच्या दिवशी ती निघाली तेव्हा तिच्या पदराला चार गाठी होत्या. तीन मला माहीत होत्या, त्यातली एक सुमनची. ती तिनं माझ्यासमोर मारली होती, आत सरकी घालून. तिच्या शेजारची चौथी गाठ रिकामी होती.

"हे कोनाची वं?" मी विचारलं.

"असन कोनाची. तू दूध पाज."

दुपारी ती परत आली. बकरी दारात उभी होती. आईनं तळहात पुढे केलाच नाही. बकरी तिच्या पदराला हुंगत मागं मागं घरात आली. आई म्हणाली, "सांडले रस्त्यात," आणि मोरीवर जाऊन अंगठा घासत बसली. वाळू घेऊन घासला तिनं. निघाला नाही.

बाराव्या दिवशी नणंद लेकरू घेऊन तिच्या घरी गेली. मी आठ दिवसांनी पिंपळगावच्या बसमध्ये बसले.

त्यानंतर सुमन मी कागदावरच पाहिली म्हटलं तरी चालेल. मी माहेरी यायची ते एप्रिल अखेरीला, कारण तेव्हा मुलींच्या शाळेच्या भिंतीवर पास झालेल्यांची यादी लागायची. मी यादीखाली बोट ठेवून वाचायची. सुमन, पुढं नणंदेच्या नवऱ्याचं नाव. तेवढंच. तेव्हा आईचं नाव लिहीत नसत. मला ते बरं वाटायचं. तिथं कोणीच आई नव्हती. एके वर्षी ती यादीत सापडली नाही. मी तीनदा वाचली. गणितात गेली होती, हे नंतर नणंदेनं सांगितलं. मला वाटलं, माझंच गणित कच्चं.

तिचं लग्नही मलकापुरातच झालं. मामानं भाचीला पिवळी साडी न्यायची असते. माझ्या नवऱ्यानं नेली. मंगलाष्टकं चालू असताना मामा म्हणून तोच तिच्या पाठीमागं उभा होता. तिचा बाप. घरी येताना बसमध्ये आम्ही दोघं बोललो नाही. तो नंतरही कधी बोलला नाही आणि तसाच गेला.

नवरा गेल्यावर मी आईच्या या घरी येऊन राहिले. आई नव्हती, घर होतं. तेव्हापासून दर निवडणुकीला शाळेत मतदार यादी लागली की मी जायची. आधी सुमनचं नाव शोधायची, मग माझं. घर नंबर, नवऱ्याचं नाव, वय. पुढं यादीत फोटो यायला लागले. काळा, धुरकट फोटो. पण नाक ओळखू यायचं. लोकांना वाटायचं म्हातारीला मतदानाची काय हौस.

घरीही जायची मी तिच्याकडे, नाही असं नाही. सणावाराला, मामी म्हणून. एकदा ती कपडे शिवत बसली होती. मशीन थांबवून म्हणाली, "मामी, अशी काऊन पाहून राह्यली वं मह्याकडं? तोंडाले काई लागलं काय?"

"नाक पाहून राह्यली. आजीचं हाये तुह्या."

"कोन्या आजीचं?"

"तुह्या मायच्या मायचं. माह्या सासूचं."

"माय तं म्हनते मी कोनावरच नाई गेली. म्हने तुले बोहारनीकडून घेतलं." आणि मोठ्यानं हसली. माझ्या सासूचं नाक चपटं होतं. सुमनचं सरळ, टोकाशी जरा वाकलेलं. चंद्रभागा दाईचं.

तिला काही माहीत होतं का, मला माहीत नाही. हसून झाल्यावर तिनं मशीन लगेच चालू केली नाही. मग म्हणाली, "चहा टाक ना मामी. तुह्या हातचा." बस.

ती गेली तेव्हा मी इतर बायांसारखी गेले. पुढं बसायचं मला कारण नव्हतं. चपलांजवळ बसले. पाणी पाजायला तिच्या सासरच्या बाया होत्या. कोणीतरी म्हणालं, "माय वाचली बिचारी, आधीच गेली. लेकीचं मरन पाहा नाई लागलं." मी मान हलवली.

आता रजिस्टर. बाईंनी पानं उलटायला घेतली आणि मला एकदम काहीतरी दिसलं, जे पाहायला मी आले नव्हते. जवळजवळ प्रत्येक पानावर आई होती. खबर देणाऱ्याच्या रकान्यात 'चंद्रभागा, दाई' आणि पुढं तिचा अंगठा. कुठं ठळक, कुठं अर्धा, कुठं शाई जास्त होऊन नुसता डाग. तिच्या स्वतःच्या जन्माची नोंद कुठंच नाही. आमच्याकडे तिचा एक फोटोही नाही. आणि इथं ती पानोपान.

"हे दाई कोन होती काय माईत," बाई म्हणाल्या. "अर्धं शहर हिनंच लिवलं."

"माही माय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग जरा सावकाश पानं उलटायला लागल्या.

भाद्रपदाच्या महिन्यात सुमन सापडली. नाव नव्हतं, तेव्हा नाव ठेवलेलं नसायचं. मुलगी. बापाचं नाव नणंदेच्या नवऱ्याचं. मी बोट पुढं सरकवलं. आईच्या रकान्यात गोदाबाई.

मी पुन्हा वाचलं. चौथी पास असले तरी गोदाबाई वाचायला काही अडचण नव्हती. पुढच्या रकान्यात जन्माचं ठिकाण: लोहारपुरा, दाईचे घरी. आईनं माणसं बदलून सांगितली, जागा तेवढी खरी सांगितली. त्याच्यापुढं अंगठा. या पानावरचा सगळ्यात ठळक.

म्हणजे आई मरतानाही खोटंच बोलली. मी रजिस्टर मिटायला हात लावला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा ना आजी. तुमचं नाव काय सांगतलं होतं तुमी?"

मी सांगितलं.

"मंग हे पाहा. खालच्या ओळीत."

खालची ओळ. तीच तारीख. तेच ठिकाण, लोहारपुरा, दाईचे घरी. मुलगी. बापाचं नाव माझ्या नवऱ्याचं. आईच्या रकान्यात माझं नाव, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, चांगल्या अक्षरात. शेऱ्यात दोन शब्द: मृत जन्म. पुढं अंगठा.

चौथी गाठ.

गावाला सांगायचं ठरलं होतं ते तिनं नगरपालिकेलाही सांगितलं होतं. जन्मभर एक गाठ खोटी मारली नाही आणि माझ्यासाठी एका दिवशी दोन मारल्या. माझं नाव त्या वहीत आहे, हे ती खरं बोलली होती. कशात आहे ते तिनं सांगितलं नाही. सांगून तरी काय करणार होती?

"तुमचं लेकरू गेलतं काय आजी?" बाईंनी हळू विचारलं.

"हो."

"माय! अन् वरची पोट्टी जगली. एकाच घरात, एकाच दिशी." त्यांनी त्यांची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. "घ्या. वरचीचा दाखला काढू ना? नातं काय लिवू, मामी?"

"तिचा नको."

"नको? येवढ्या आल्या अन्..."

"खालचीचा काढ."

"आजी, थ्या लेकराचं तं नावई नाई. थ्या कागदाचं काय काम पडते आता?"

"काम नाई पडत. काढ."

त्यांनी अर्ज पुढं ओढला. माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग पेन थांबवून विचारलं, "नातं?"

"माय," मी म्हणाले.

त्यांनी 'आई' लिहिलं. माझ्या बाजूनं तो शब्द उलटा दिसत होता, तरी मला वाचता आला. इतक्या वर्षांत कोणत्याही सरकारी कागदावर सुमनच्या जन्माच्या तारखेसमोर कोणी मला हा शब्द लिहिला नव्हता. आणि लिहिला तो जी मेलीच नव्हती तिच्यासाठी, ती खरोखर मेल्यावर.

"इथं सही करा," बाईंनी पेन दिलं.

मी पेन टेबलावर ठेवलं. "आंगठा घे."

"अवं आजी, आताच तं धडाधड वाचलं तुमी. चौथी पास म्हनल्या ना? सही येत नाई काय?"

"येते. पन इथं आंगठाच पायजे."

बाईंनी ड्रॉवरमधून शाईची डबी काढली. झाकण वाळून घट्ट बसलं होतं, ते त्यांनी पट्टीनं उचकटलं. मी अंगठा दाबला, मग कागदावर टेकवला. पहिलाच होता, जरा फरफटला.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. मोरीवर साबण होता, वाळूही होती. घासलं नाही. पीठ काढलं, तवा ठेवला आणि भाकर थापली. कडेला निळसर डाग उमटला.

भाकर तशीच खाल्ली.